टेरेसवर कढत पाणी, नळाला गार : एका सोसायटीतल्या सोलरचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच बिल्डिंगमधलं आहे. सोसायटीचं नाव, माणसांची नावं मुद्दाम गाळलीयेत, बाकी जसं घडलं तसं लिहितेय. सोलर असून सकाळी गार पाणी येतं अशी तक्रार पुण्यात बऱ्याच सोसायट्यांत असते आणि बहुतेक ठिकाणी खापर सोलरवरच फुटतं, म्हणून जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

चार मजली बिल्डिंग, एका मजल्यावर चार फ्लॅट, एकूण सोळा बिऱ्हाडं. टेरेसवर कॉमन सोलर वॉटर हीटर, काचेच्या नळ्यांचा. यात पंपबिंप काही नसतो, नळ्यांतलं पाणी उन्हाने तापलं की हलकं होऊन वर टाकीत चढतं आणि टाकीतलं गार पाणी खाली नळ्यांत उतरतं, दिवसभर हे चक्र चालू. टाकीला पफचं, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचं, जाड अस्तर असतं त्यामुळे संध्याकाळी तापलेलं पाणी सकाळपर्यंत तीन-चार डिग्रीच उतरतं. टाकीवर एक उघडा पाइप असतो, एअर व्हेंट, वाफ आणि हवा जायला. हा पाइप लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

टाकीतून गरम पाण्याच्या चार उभ्या लाइनी खाली येतात, एकेक लाइन खालोखालच्या चार फ्लॅटना. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, पहिल्या लाइनवर. पाणी फक्त उंचीच्या जोरावर येतं, दहा मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर असा हिशोब. म्हणजे चौथ्या मजल्यावर, जिथे टाकी डोक्यावर जेमतेम अडीच-तीन मीटर, तिथे पाव बारच मिळतं. तिथल्या शॉवरला धार येत नाही ही त्यांची तक्रार बिल्डिंग झाली तेव्हापासूनची आणि ती खरीच होती.

घरी आम्ही चौघं, सासूबाईंना संधिवात आहे, थंडीत सकाळी बोटं आखडतात, गरम पाण्याची बादली मिळाली की मग दिवस सुरू होतो. त्यामुळे हा आमच्यासाठी नुसता सोयीचा विषय नव्हता.

अडचण कशी सुरू झाली

पावसाळ्यात सोलर तसाही नावालाच, सगळे गिझरवर असतात. दसऱ्याच्या आसपास ऊन पडायला लागलं की गिझर बंद आणि सोलर सुरू, दरवर्षीचं ठरलेलं. यावेळी दसरा झाला, ऊन कडक, तरी सकाळी सव्वासहाला आमच्या नळाला कोमट पाणी, तेही पाच मिनिटांनी गारच. आधी वाटलं सवयीप्रमाणे पाइपातलं गार पाणी निघून जायला वेळ लागतोय, मी दोन-दोन बादल्या गार पाणी काढून ठेवायची आणि वाट बघायची, पण गरम काही यायचं नाही. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या आमच्याकडेही तेच. शेजारच्या, म्हणजे दुसऱ्या लाइनवरच्या लोकांना विचारलं तर त्यांच्याकडे पाणी ठीक होतं, जरासं कमी गरम इतकंच.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मात्र ठामपणे सांगायच्या, "अगं मला तर पहाटे हात भाजेल इतकं कढत येतं, तुमचं काहीतरी नळाचं असेल." आजी पाचला अंघोळ करतात. आजींना पाचला गरम आणि त्यांच्या सुनेला साडेसहाला गार, एकाच घरात, एकाच नळाला. सोलरमधलं पाणी तोपर्यंत संपत असेल असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो आणि तिथेच पहिली चूक झाली, कारण संपत असतं तर चारही लाइनींना संपलं असतं.

नरक चतुर्दशीला तर कहरच झाला. चार वाजता उठून उटणं लावून बसलो आणि नळाला बर्फासारखं पाणी, त्या दिवशी आजींनाही गार आलं, पहिल्यांदाच. गॅसवर पातेली तापवून सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं. पाडव्यानंतर लगेच मी सेक्रेटरींकडे गेले.

कोणकोणते पर्याय समोर होते

सोलरच्या सर्व्हिसवाल्याला बोलावलं. तो दुपारी बाराला आला, टेरेसवर जाऊन टाकीचा नळ सोडला, पाणी चटका बसेल इतकं गरम. मग म्हणाला की नळ्यांत बोअरच्या पाण्याचा क्षार बसलाय, नळ्या बदला नाहीतर निदान साफ करा. सगळ्या नळ्या बदलायचा खर्च चाळीस हजाराच्या वर.

प्लंबरला विचारलं तर तो म्हणाला उभी लाइन जुनी जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची आहे, आतून क्षाराने बुजलीय, सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लॅस्टिकचा पाइप टाका. लाइन बुजली तर पाणी कमी येईल, गार कसं येईल, हा प्रश्न तेव्हा मला सुचला होता पण मी बोलले नाही, वाटलं यांना जास्त कळतं.

तिसरा पर्याय, ज्याने त्याने आपला गिझर वापरावा. आमचा १५ लिटरचा गिझर आहे, २ किलोवॅटचा. १५ लिटर पाणी २० वरून ६० डिग्रीला न्यायला साधारण वीस मिनिटं आणि पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते. चौघांच्या अंघोळी, शाळा, ऑफिस, हे एका तासात बसवायचं म्हणजे ओढाताण, आणि सोलर असताना रोज तीन युनिट जाळायचे हे पटत नव्हतं. पहिल्या मजल्यावर तर गिझरच नाही.

त्यांनी गॅस गिझर घ्यायचं ठरवलं होतं. त्यांचं बाथरूम आतल्या बाजूला, खिडकी नावापुरती, दार लावलं की डबीबंद. गॅस गिझर अशा जागी लावला की ज्वलनाला हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, माणूस अंघोळ करताकरता बेशुद्ध पडतो आणि आतून कडी असल्यामुळे बाहेरच्यांना कळतही नाही. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. मी त्यांना हात जोडून सांगितलं की वहिनी आठ दिवस थांबा, पाहिजे तर सकाळी आमच्याकडे या. बादलीत रॉड टाकायचा विचारही त्यांनी बोलून दाखवला, घरात रांगतं मूल आहे, तोही मी नको म्हटलं.

कमिटीने नळ्या बदलायच्या ऐवजी साफ करायचं ठरवलं. नऊ हजार पाचशे रुपये, सोळा घरांत वाटून. टाकी धुतली, नळ्यांतला गाळ काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहा, आमच्या नळाला पुन्हा कोमट.

विचार कुठे बदलला

हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे म्हणून नीट लिहिते.

पैसे जाऊन फरक पडला नाही तेव्हा मी ठरवलं की आता कुणाला बोलवायच्या आधी आपण स्वतः बघायचं. दूध-दह्यासाठी घेतलेला थर्मामीटर घेऊन सकाळी सव्वासहाला टेरेसवर गेले, म्हणजे ज्या वेळी पाणी गार येतं त्याच वेळी. सोलरच्या टाकीत पाणी ५४ डिग्री. खाली आले, आमच्या गरम नळाला ३४. साध्या गार नळाला २०. हे तीन आकडे कागदावर लिहिले आणि लेकाला दाखवले, तो अकरावीत आहे, त्याने तिथल्या तिथे हिशोब मांडला की ५४ आणि २० चं मिश्रण ३४ व्हायला दहा भागांतले चार भाग गरम आणि सहा भाग गार लागतात. म्हणजे आमच्या "गरम" नळातून निम्म्याहून जास्त गार पाणी येत होतं. पाणी वाटेत थंड होत नव्हतं, त्यात कुठूनतरी गार पाणी मिसळत होतं!

नळ्याही तेव्हाच बघितल्या. या काचेच्या नळ्यांच्या बंद टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो, आतली निर्वात पोकळी गेली की तो डाग दुधासारखा पांढरा पडतो. आमच्या सगळ्या नळ्यांचे डाग चकचकीत होते. म्हणजे नळ्या ठणठणीत, आणि आम्ही त्या बदलायला निघालो होतो.

त्याच वेळी अजून एक गोष्ट दिसली. टाकीजवळचा स्लॅब ओला होता आणि एअर व्हेंटमधून पाण्याची बारीक धार चालू होती. रोज टेरेसवर फिरायला येणारे काका तिथेच होते, ते म्हणाले, "हे तर महिना-दीड महिना चालू आहे, मी वॉचमनला सांगितलंय टाकी गळतेय म्हणून." वॉचमनच्या वहीत ती नोंद होती. आणि त्याच वहीत दोन पानं मागे चौथ्या मजल्यावरच्यांची नोंद होती की आमचा प्रेशर पंप एकदा चालू केला की नळ बंद केले तरी थांबत नाही, माणूस पाठवा. त्यांनी पंपाचा प्रेशर स्विचही, म्हणजे नळ बंद झाले की पंप थांबवणारा भाग, बदलून घेतला होता, तरी तेच.

वही हातात घेऊन मी तिथे पायरीवरच बसले. गरम नळाला गार पाणी, टेरेसवर व्हेंटमधून धार, आणि न थांबणारा पंप. तीन घरांच्या तीन तक्रारी, तीन वेगवेगळ्या माणसांकडे गेलेल्या, आणि तिन्ही एकच होत्या. पंप गार पाणी कुठेतरी गरम लाइनमध्ये ढकलत होता, ते काही खाली आमच्या नळांना येत होतं आणि काही उलटं वर चढून सोलरच्या टाकीतून बाहेर पडत होतं.

मग काय केलं

अंदाज बरोबर आहे का हे बघायला एक सोपी चाचणी केली, ही कुणालाही करता येईल. टेरेसवर आमच्या लाइनचा कॉक पूर्ण बंद केला, म्हणजे सोलरमधून त्या लाइनला एक थेंब यायला नको. मग आमचा गरम नळ सोडला. पाइपात उरलेलं पाणी संपून नळ कोरडा पडायला हवा होता, पण पाणी दहा मिनिटं जोरात येतच राहिलं, आणि गार. म्हणजे हे पाणी सोलरचं नाहीच. नंतर एकेका फ्लॅटच्या गरम लाइनचा कॉक बंद करत गेलो. पहिला मजला, काही फरक नाही, आमचा नळ तसाच चालू. तिसरा, नाही. चौथ्या मजल्याचा कॉक बंद केला आणि आमचा नळ मिनिटभरात थांबला.

कमिटीतल्या दोघांचं म्हणणं पडलं की त्यांना नोटीस काढा, पंप काढायला लावा. मी म्हटलं थांबा, आधी मी जाऊन बोलते. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो, कारण वर गेल्यावर जे कळलं ते नोटिशीला उत्तर म्हणून कधीच आलं नसतं.

त्यांच्याकडे आजोबा आहेत, अर्धांगाचा झटका येऊन गेलेले. श्रावणात त्यांनी बाथरूम नव्याने करून घेतलं, आजोबांना स्टुलावर बसून अंघोळ करता यावी म्हणून भिंतीवरच्या मिक्सरला, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाला, हँड शॉवर लावला, ज्याच्या टोकालाच दाबायचं बटन असतं. आजोबांना नळाच्या चकत्या फिरवता येत नाहीत म्हणून तिथल्या वहिनी गरम आणि गार दोन्ही चकत्या एकदा बरोबर प्रमाणात उघडून ठेवायच्या, आजोबा नुसतं बटन दाबायचे. अंघोळ सकाळी अकराला, तेव्हा पंप बंद, गरम-गार दोन्हीकडे प्रेशर सारखं, पाणी छान यायचं. चकत्या मात्र रात्रंदिवस उघड्याच. मग दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला ऑफिसवाले उठले, दुसऱ्या बाथरूमच्या शॉवरसाठी पंप चालू केला की गार लाइनला १ बारच्या वर प्रेशर, गरम लाइनला पाव बार, आणि मधे उघडा मिक्सर. बटन बंद असल्यामुळे पाणी बाहेर पडत नव्हतं, पण मिक्सरच्या आतूनच गार लाइनमधून गरम लाइनमध्ये घुसत होतं. आजींना पाचला गरम का मिळायचं आणि चतुर्दशीला चारला पंप लागला तेव्हा त्यांनाही गार का आलं, सगळं जुळलं.

मी म्हटलं, "वहिनी, तुमचा पंप बिघडलेला नाहीये, तो दोन महिने सगळ्या बिल्डिंगला पाणी पुरवतोय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या आम्हाला सांगितलं कसं नाही कुणी. कुणाला माहीत असतं तर सांगितलं असतं ना.

चकत्या रोज बंद करा असं सांगून विषय संपवता आला असता. पण ते त्यांच्या आठवणीवर अवलंबून राहिलं असतं आणि आजोबांची करणारी बाई बदलली की पुन्हा तेच. म्हणून त्या मिक्सरच्या गरम आणि गार दोन्ही जोडण्यांवर एनआरव्ही बसवायचं ठरलं, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह.

इथेही एक ठेच लागली. प्लंबरने पहिल्यांदा स्प्रिंगवाला एनआरव्ही आणला. स्प्रिंग ढकलायला थोडं तरी प्रेशर लागतं आणि चौथ्या मजल्यावर सोलरचं प्रेशरच पाव बार, त्यामुळे आजोबांच्या शॉवरला गरम पाण्याचे नुसते थेंब. दोन दिवसांनी तो काढून आतून झडप असलेला आडवा बसणारा एनआरव्ही लावला, त्याला फारसा जोर लागत नाही. आठवड्याने वहिनींचा फोन, आज दवाखान्यात जायचं म्हणून आजोबांची अंघोळ सातला केली तर पूर्ण गार पाणी आलं. बरोबरच होतं, पंप चालू असताना गार बाजूचा जोर गरम बाजूच्या झडपेला उघडूच देत नव्हता. मग त्या बाथरूमची गार पाण्याची जोडणी पंपाच्या आधीच्या पाइपातून घेतली, तासाभराचं काम. आता त्या मिक्सरला दोन्हीकडून सारखंच प्रेशर आणि पंप फक्त दुसऱ्या बाथरूमला, जिथे शॉवर गिझरवर आहे आणि गिझरलाही पंपाच्याच लाइनचं पाणी जातं.

निकाल

कामानंतर सव्वासहाला आमच्या नळाला ५१ डिग्री. टेरेस कोरडी. चौथ्या मजल्यावरचा पंप नळ बंद केला की थांबतो. व्हॉल्व्ह, फिटिंग, मजुरी धरून सगळा खर्च अडीच हजाराच्या आत, तो सोसायटीने केला, त्या कुटुंबावर टाकला नाही, यावर मीटिंगमध्ये बराच वाद झाला पण शेवटी बहुमताने झालं. पहिल्या मजल्यावरच्यांनी गॅस गिझरचा विचार सोडला. सफाईचे साडेनऊ हजार गेले ते गेले.

सोसायटीने एक ठरावही केला की कुणीही प्रेशर पंप, हँड शॉवर किंवा नवा मिक्सर लावला तर आधी कळवायचं आणि पंप असेल तर गरम लाइनवर एनआरव्ही लावूनच घ्यायचा. पंपबंदी केली नाही, वरच्या मजल्यावर प्रेशर नाही ही खरी अडचण आहे आणि बंदी घातली असती तर लोकांनी गुपचूप लावले असते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे सर्व्हिसवाल्याला दुपारी बाराला बोलवायला नको होतं. बिघाड सकाळी सहाचा, बाराला टाकी तापलेलीच असणार. त्याने मन लावून बघितलं तरी त्याला काही दिसलं नसतं.

दुसरं, कुणाच्या घरी किती वाजता गरम आणि किती वाजता गार, हे चार दिवस कागदावर लिहिलं असतं तर पावणेसहाची वेळ आपोआप पुढे आली असती. आजींचं बोलणं आम्ही वयाचं म्हणून सोडून दिलं, खरं तर सगळ्यात पक्की माहिती त्यांचीच होती.

तिसरं, टेरेसवरचा कॉक बंद करून बघण्याची चाचणी फुकट आहे आणि पंधरा मिनिटांत होते. ती साडेनऊ हजार द्यायच्या आधी व्हायला हवी होती. ज्यांच्या घरी स्वतंत्र गिझर आहे त्यांनाही हेच लागू पडतं, गिझरला येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करायचा आणि गरम नळ सोडायचा, पाणी येत राहिलं तर घरातल्याच एखाद्या मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये शिरतंय. हँड शॉवर, जेट, नाहीतर एका दांडीच्या मिक्सरचं आतलं कार्ट्रिज, म्हणजे गरम-गार पाणी सोडणारा-रोखणारा भाग, झिजलेलं, बहुतेकदा यातलंच एक. ही चाचणी करताना गिझरचं बटन मात्र बंद ठेवा.

आणि वॉचमनची वही. महिन्यातून एकदा कमिटीतल्या कुणीतरी ती सलग वाचायची असं आता ठरलंय, या महिन्याला माझी पाळी आहे. पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरमधूनही थोडं गार पाणी गरम लाइनमध्ये जातं असं परवाच्या चाचणीत दिसलंय, अगदी बारीक आहे, पण रविवारी प्लंबर येतोय तेव्हा तेही कार्ट्रिज बदलून घेणार आहोत.